चाकाच्या एकशे वीस दात्यांबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या मार्गदर्शनाने हाती घेतलेला रोटरी टेबल, म्हणजे काम हव्या तितक्या अंशांत फिरवणारी थाळी, गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. फोनवर मी आभार मानले खरे, पण आपण मला नेमके काय दिले ते लिहिल्यावाचून राहवेना.

माझे पहिले वर्म व्हील (वर्म, म्हणजे आटे असलेला दांडा, ज्याला फिरवतो ते थाळीखालचे दातेरी चाक) बिघडले, तेव्हा मी दोष टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, देत होतो. पितळेची चकती लेथच्या क्रॉस स्लाइडवरील (आडव्या सरकत्या भागावरील) पिनवर मोकळी फिरेल अशी बसवायची आणि चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) धरलेल्या एम १६ (१६ मिमी व्यासाच्या), २ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) टॅपने तिला दाते पाडायचे, इतकीच माझी समजूत होती. आपण ती चकती हातात घेतली, एका दात्यावर शाईची खूण केली आणि म्हणालात, "आधी दाते मोज." ते १२२ भरले. मग कागदावर आपण हिशेब मांडलात: १२० दात्यांसाठी पिच वर्तुळाचा (दात्यांच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा) व्यास ७६.४ मिमी लागतो, पण टॅप पहिल्यांदा टेकतो तो चकतीच्या सुमारे ७७.७ मिमीच्या बाहेरील कडेला आणि तिथल्या २४४ मिमी परिघात २ मिमीचे १२२ आटे मावतात. टॅपने आपले काम चोख केले होते. मोजणी मी त्याच्यावर सोपवली, ही चूक माझी होती. अशा व्हीलवर वर्मच्या एका फेरीला ३ अंशांऐवजी जेमतेम २.९५ अंश मिळाले असते आणि डायलवरच्या रेघांना काही अर्थच उरला नसता.

त्यानंतर आपण आपल्या लेथचा १२० दात्यांचा चेंज गिअर (लेथवर बदलून लावायचे दातेरी चाक) विश्वासाने माझ्या हवाली केलात. नवी चकती आणि तो गिअर एकाच दांड्यावर आवळून, पिनने एकेक दाता अडवत, टॅपच्या आट्यांच्या कलाइतक्या, म्हणजे सुमारे अडीच अंश तिरक्या १२० खाचा मी मिलिंग मशीनवर पाडल्या. त्या खाचांत टॅप असा बसला, की चकती पहिल्या फेरीपासून बिनचूक ओढली गेली. त्या दुपारी हात थरथरत होते, हे आपल्याला सांगायला संकोच वाटत नाही.

वर्मसाठी एक्सेंट्रिक बुश (मध्यापासून सरकलेले भोक असलेली नळी) करण्याची आपली सूचनाही मोलाची ठरली. ते किंचित फिरवले की दात्यांमधली ढिलाई निघते. बिडाच्या थाळीचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट कापणे), आपण बजावल्याप्रमाणे, ती स्वतःच्या बेअरिंगवर बसवल्यानंतर सर्वांत शेवटी केले.

काल शून्यापासून हँडल मोजून १२० वेळा, एकाच दिशेने फिरवले. थाळीवरची रेघ जिथून निघाली होती, तिथेच येऊन थांबली.

आपला गिअर तेल लावून कागदात गुंडाळून ठेवला आहे. येत्या रविवारी तो परत करायला येईन, तेव्हा दर २० फेऱ्यांना एक अशी सहा भोके पाडलेला पहिला फ्लँजही, म्हणजे जोडणीची गोल चकती, आपल्या हातात ठेवीन. तो आपण मोजून पाहावा, ही विनंती.

आपला ऋणी,
एक विद्यार्थी