संक्रांतीचं रनिंग रविवारी, काळे कपडे चालतील पण...

मंडळी, संक्रांत बुधवारी १४ जानेवारीला आहे पण सुट्टी कुणालाच नाही, त्यामुळे तिळगूळ रविवारी १८ ला हाय पार्कात पळून झाल्यावर वाटू, सकाळी ७ ला ब्लूर स्ट्रीटच्या गेटपाशी या. टोरांटोत सूर्य पावणेआठनंतर उगवतो, म्हणून सणाचे काळे कपडे जरूर घाला पण वरून रिफ्लेक्टरवालं जॅकेट हवंच. आत कॉटन नको, घाम मुरतो आणि थांबलं की हुडहुडी भरते. नवीन लोकांनी बाहेर १० डिग्री जास्त आहे असं समजून कपडे घाला, पहिली पाच मिनिटं कुडकुडायलाच पाहिजे. लाडू गाडीत ठेवू नका प्लीज, मागच्या वेळी पार दगड झाले होते, एकाची दाढ थोडक्यात वाचली. रविवारी सबवे ८ च्या सुमारास सुरू होते, लिफ्ट हवी असेल तर शनिवारीच सांगा.