रविवारी एक फोन येईल

चि. माऊ,

परवा तू फोनवर म्हणालीस ना, पप्पा मला माझ्या कृषी कॉलेजच्या त्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं परत परत सांगू नका, मला वेळ नाही आणि शेवटी ते पैसेच मागणार, तेव्हा मी गप्प बसलो. तू मीटिंगला चालली होतीस आणि पोरीला चार शब्द सुनावून फोन ठेवायचा हे मला जमत नाही. पण ते डोक्यातनं गेलं नाही बघ. दोन दिवस झाले, आल्याला पाणी सोडताना पण तेच मनात. व्हॉट्सअॅपवर चार ओळीत बसणार नाही म्हणून आज जेवण झाल्यावर निवांत टाईप करत बसलोय, तू पण निवांत वाच, ऑफिसमध्ये वाचू नको.

२२ तारखेला कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या जयंतीला साताऱ्याला जाऊन आलो. दरवर्षी जातो तसाच, तू लहान असताना तुला पण गाडीवर पुढं बसवून न्यायचो, आठवतंय का. आमच्या बॅचचे सातआठ जण येतातच. एक बँकेतनं रिटायर झालाय, एक पोलिसात आहे, एकाचा गोठा आहे, बाकी माझ्यासारखे शेतीवाले. समाधीला फुलं वाहायची आणि मग हॉस्टेलच्या पोरांत जाऊन बसायचं, भाषण बिषण काही नाही. यावेळी तिथं माण तालुक्यातला एक पोरगा भेटला. हातात फाईल होती आणि फाईल भिजू नये म्हणून तिला युरियाच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक गुंडाळलेलं, वरनं सुतळी. ते बघून माझ्या पोटात कालवलं गं, कारण मी पण अशीच फाईल घेऊन आलो होतो. महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म दोनदा परत आला म्हणाला, तिसऱ्यांदा भरायची भीती वाटतेय, आणि घरी सांगितलं तर वडील म्हणतील राहू दे, ये घरी. आमच्या बँकवाल्यानं त्याला तिथंच पायरीवर शेजारी बसवलं, चष्मा पुसला, मोबाईलवर सगळं उघडून बघितलं. तर पोराचं खातं आधारला लिंकच नव्हतं, एवढंच. अर्ध्या तासात काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलं, त्याच्या गावाजवळच्या शाखेत ओळखीचा माणूस होता त्याला फोन लावून दिला. एक रुपया खर्च झाला नाही. पण तो पोरगा दुसऱ्या वर्षाला राहील, नाहीतर दिवाळीला घरी गेला असता तो परत आलाच नसता. मी अशी किती पोरं बघितलीत, माझ्याच खोलीतले दोघं होते.

तू म्हणालीस फी भरली, डिग्री घेतली, हिशोब संपला. माऊ, तो हिशोब तसा नाही. तुझी सरकारी कॉलेजची फी मी भरली हे खरं, पण ती केवढी होती आणि प्रयोगशाळा, कॉलेजची शेती, हॉस्टेल यावर केवढा खर्च झाला हे तुलाच माझ्यापेक्षा जास्त माहिती. आणि त्याच्या आधीचं तर तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, पहाटे जात्यावर बसायच्या आधी एक मूठ ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची, घरात असो नसो. अण्णांचा मुष्टिफंड म्हणायचे त्याला. ते धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी जायचं. आपल्या घरातलं तेव्हा कोणीच बोर्डिंगात नव्हतं, तुझे आजोबा चौथीनंतर गुरांमागं गेले. तरी ती टाकायची. कुणाच्या तरी पोटात जातंय ना, म्हणायची. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात अण्णांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, मग १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग आलं, आणि पोरांना जेवायला नाही म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. हे सगळं आपण शाळेत पाठ केलं, पण मला ते त्या गाडग्यामुळं खरं वाटतं.

आणि मग १९४७ ला शिवाजी कॉलेज निघालं, त्याच कॉलेजात मी कमवा आणि शिका मध्ये राहून शिकलो. सकाळी अंधारात उठून बागेत खुरपं धरायचं, नंतर आंघोळ करून बॉटनीचं प्रॅक्टिकल. हाताला मातीचा वास असायचा, मायक्रोस्कोपच्या काचेवर बोट लावू नका म्हणून सर ओरडायचे. म्हणजे आजीची मूठ कुठंतरी फिरून माझ्याच ताटात आली की नाही सांग. मी डिग्रीनंतर नोकरी केली नाही, शेतीच धरली, तरी त्या कॉलेजपासनं मी सुटलो नाही आणि मला सुटायचं पण नाही. बॅरिस्टर पी. जी. पाटील बोर्डिंगातच वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत आले ते साताऱ्यालाच शिकवायला, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेवढं मोठं आपल्याला जमणार नाही पण परत फिरून येणं तर जमतं.

तू असंही म्हणालीस की हे मेळावे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या त्या नॅकसाठी असतात, माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवायला लागतो म्हणून फोटो काढतात. असेल. नॅकमध्ये तो मुद्दा आहे हे मला पण सरांनी सांगितलंय. पण कॉलेजनं कशासाठी का बोलावलं असेना, आपण कशासाठी जायचं ते आपल्या हातात आहे ना? फोटो काढून झाला की तू पोरींना घेऊन झाडाखाली बस, कोण अडवतंय. विद्यापीठाचं काही चुकत असेल तर ते सुद्धा आतनंच बोलता येतं. मी शिवाजी विद्यापीठाचा नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव घातलंय, विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, पदवीधरांतनं १० जण निवडून जातात, त्याला मी मत टाकतो. आपल्या गावात पदवीधर कितीतरी आहेत आणि नाव नोंदवलेले बोटावर मोजण्याएवढे, आणि मग तेच लोक कट्ट्यावर बसून म्हणतात विद्यापीठात शेतकऱ्याच्या पोरांचं कोण ऐकत नाही. याचा मला खरंच राग येतो.

बरं आता मुख्य गोष्ट, जी मी फोनवर सांगितली नाही.

ऑगस्टमध्ये मी तुला आल्याचे फोटो पाठवले होते. ओढ्याकडच्या दोन वाफ्यांत पानं शेंड्याकडनं पिवळी पडायला लागली होती. तू कामात होतीस, तिसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला की कंदकूज वाटतेय, जवळच्या दुकानात दाखवा. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हैदराबादवरनं तू तरी काय करणार, कंपनीचं काम असतं. पण त्याच वेळी गावात तुझ्याच राहुरी विद्यापीठाच्या कृषिकन्या आल्या होत्या, कराडच्या कॉलेजच्या, पाच जणी, कार्यानुभवासाठी. त्यातली एक जतकडची आहे. बारीक अंगाची, फार बोलत नाही. ती वाफ्यात बसली, एक पिवळं झाड धरून नुसतं हलकं ओढलं तर खोड कंदापासनं सुटून हातात आलं, बुडाशी पाणी सुटल्यासारखं तपकिरी. मग तिनं कंद उकरला, नखानं फोडला, आणि नाकाला लावून वास घेतला. माऊ, तू बारावीत असताना असंच करायचीस, प्रत्येक गोष्टीचा आधी वास घ्यायचीस. मी तिथंच उभा राहिलो, काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ती कुजका कंद आणि माती वेगवेगळ्या पिशवीत बांधून एसटीनं कराडला घेऊन गेली. सरांनी सांगितलं की बुरशीच आहे, पिथियम, पण नुसतं औषध ओतून उपयोग नाही, खालच्या बाजूला पाणी तुंबतंय ते आधी काढा. आम्ही वाफ्याच्या टोकाला चर खणला, रोगट झाडं मातीसकट उचलून लांब टाकली, बाकीच्यांना ट्रायकोडर्मा, ती रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी, दिली. गेलं ते एका गाडीचा माल गेला असेल, पण वरचा सगळा प्लॉट आज हिरवागार उभा आहे. पुढच्या अक्षय तृतीयेला तिथं आलं लावणार नाही, सोयाबीन करीन, हे पण तिनंच वहीत लिहून दिलंय. आता मला सांग, त्या लॅबमध्ये आपल्या ओढ्याकडच्या वाफ्याची माती पोचली ती कुणामुळं? पाडेगावला १९३२ पासनं उसावर काम चालू आहे, आपला 265 जातीचा ऊस तिथलाच, पण संशोधन केंद्रातनं बांधापर्यंत कोणीतरी चालत यावं लागतं आणि बांधावरचं दुखणं कोणीतरी परत तिकडं न्यावं लागतं. 265 आला तेव्हा काही कारखाने त्याची नोंद घ्यायला कुरकुर करायचे, उशिरा पिकतो म्हणून. चोपण, खारवट जमिनीत सुद्धा तो कसा येतो हे शेतकऱ्यांनी लावून दाखवलं तेव्हा तो टिकला. हे येणंजाणं शेतकऱ्याच्या घरातनं शिकून गेलेली पोरं जेवढं करतील तेवढं दुसरं कोण करणार. ज्याच्या घरी चिखल आहे त्याला चिखलाचं सांगावं लागत नाही.

शेवटच्या दिवशी त्या पाची जणींना आईनं जेवायला बोलावलं होतं, भाकरी आणि आमटी, वर शेंगदाण्याची चटणी. तेव्हा ती बोलली. त्यांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली, वडिलांनी झाडं उपटून बांधावर टाकली, ती जळताना बघितली म्हणून मला पॅथॉलॉजीच, पिकांच्या रोगांचंच शिक्षण, करायचीय म्हणाली. पण पीजीची एन्ट्रन्स कशी द्यायची, राहुरीला कुठल्या सरांकडं काय काम चालतं, इंग्लिशमध्ये तोंड उघडत नाही त्याचं काय करायचं, विचारायला कोणी नाही. घरात पहिलीच शिकणारी. मला लगेच तुझं पहिलं वर्ष आठवलं, कोल्हापूरच्या हॉस्टेलवरनं रात्री साडेदहाला रडत फोन केला होतास, पप्पा लेक्चर कळतच नाही, मला न्यायला या. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायच्या तयारीत होतो. आणि सकाळी तुझा परत फोन, येऊ नका, एक सिनिअर ताई आहे ती रोज संध्याकाळी शिकवणार आहे. त्या ताईला मी कधी बघितलं नाही पण आई अजून तिचं नाव घेते. तिनं त्या रात्री म्हणलं असतं की मला वेळ नाही, तर आज तू कुठं असतीस?

म्हणून मी तुला न विचारता तुझा नंबर त्या पोरीला दिलाय. विचारायला पाहिजे होतं, हे माझं चुकलं, पण ती निघाली होती आणि एसटी स्टँडवर लागली होती. मेळाव्याला नोव्हेंबरात यायला जमलं तर बघ, तिकिटाचं मी बघतो. देणगीचं काही बोलत नाही, ती तुझी कमाई आहे.

ती रविवारी अकराला फोन करणार आहे. लाजते, पहिल्यांदा रिंग देऊन कट करेल बहुतेक. तूच परत लाव. आणि तिच्याशी मराठीतच बोल आधी, इंग्लिश नंतर.

चटणी आणि थोडं ओलं आलं पार्सल केलंय, मंगळवारपर्यंत मिळेल.

तुझे,
पप्पा