सव्वासहाचा फोन

न्यू जर्सी, 25 ऑक्टोबर 2026

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आधी एक ठरवलेली गोष्ट सांगते, रागावू नका. पुढच्या सोमवारपासून मी तुमच्या संध्याकाळी फोन करणार नाही. तुमच्या सकाळी सव्वासहाला करेन. ऑफिसचं काम वाढलं म्हणून नाही, यांनी काही म्हटलं म्हणून तर अजिबातच नाही. गेल्या नोव्हेंबरातला तो सोमवार माझ्या डोक्यातून जात नाही.

1 नोव्हेंबरला, रविवारी पहाटे 2 वाजता, इथली घड्याळं एक तास मागे घेतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. उन्हाळ्यात तुमच्या-आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. मी आपली माझे सकाळचे साडेनऊ वाजले की फोन लावायची, तेव्हा तुमचे संध्याकाळचे सात व्हायचे. त्या सोमवारी आठ झाले होते. बाबा, तुम्ही सातला इन्शुलिनचं इंजेक्शन घेऊन ताटासमोर बसला होतात. "पोरीचा फोन येऊ दे, मंग जेवू." मी लावला तेव्हा तुमचा हात इतका थरथरत होता की पडद्यावर नुसतं छत हलताना दिसत होतं, आणि मागून आई, "साखर कुठं ठेवली मी, साखर कुठं ठेवली." घड्याळ बदलल्याचं तुम्हाला सांगायचं मी विसरले होते.

तुम्ही म्हणाल, मग तासभर आधी कर. केला असता. पण त्या वेळी मी परीला शाळेत सोडायला निघालेली असते. एखाद्या दिवशी अडकले की तुम्ही परत ताट धरून बसाल, मी ओळखते तुम्हाला. शेताला रात्रीची लाईट असली की आई अशीच थांबायची ना? एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. तुम्ही बॅटरी घेऊन केळीत मोटार चालू करायला जायचात आणि मी ओसरीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून तुमच्या राजदूत फटफटीच्या आवाजाची वाट बघायची. भरीत गार होऊन जायचं, पण आई घास तोंडात घालायची नाही. आपल्या घरात माया अशीच करतात, वाट बघून. इन्शुलिन घेतल्यावर मात्र ते चालत नाही, बाबा.

आई, सकाळची वेळ मी तुझ्यासाठी काढली. सहाला थायरॉइडची गोळी घेतलीस की चहाला अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं, आणि तू दहाव्या मिनिटाला गॅस पेटवतेस. तो अर्धा तास मला दे. माझे तेव्हा हिवाळ्यात पावणेआठ, उन्हाळ्यात पावणेनऊ, जेवणं झालेली असतात. माझ्या झोपेची काळजी नको. घड्याळ मागे गेलं की पहिले चार-पाच दिवस परी पहाटे पाचलाच उठून बसते, संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो म्हणून पेंगते. मग मी तिला सकाळच्या उजेडात फिरवून आणते, बसते हळूहळू घडी. तुझं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ अजून आहे, परवाच भाकरी थापल्या.

आता नीट ऐका. ओसरीवरचं, कृषी केंद्रवाल्यांनी दिलेलं घड्याळ तेवढं खरं मानायचं. एसटीसाठी पाच मिनिटं पुढे लावलंय, ते राहू द्या. सातला इंजेक्शन आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अर्ध्या तासाच्या आत जेवण. राहिलेल्या गोळीसाठी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. घाम सुटला, हात कापला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं. आई, साखरेचा डबा फडताळात नको, फ्रिजवर ठेव.

बाबा, संध्याकाळ सुनी सुनी वाटेल, मलाही वाटणार आहे. रविवारी जेवून हात धुतलेत की तुम्हीच लावा फोन. तुमचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात माझे सकाळचे दहा, मला कुठं जायचं नसतं. केळीला रावेरचा भाव काय निघाला, बऱ्हाणपूरचा काय, सगळं सांगा. पण आधी काय जेवलात ते.

तुमची,
बेबी