पुरात धावून येणाऱ्यांची नोंद नाक्यावरच करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापुरात मदतीला आलेली पोरं ओळखपत्र नाही म्हणून नाक्यावरून परत पाठवली जातात. ती घरी जात नाहीत, आडवाटेने थेट पाण्यापर्यंत पोचतात. मग ती कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसते आणि त्यांनाच शोधायची वेळ येते.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला लागले, की प्रत्येक पूरग्रस्त तालुक्यात नोंदणी केंद्र उघडावे. ते पुराच्या अलीकडे, मोठे पटांगण असलेल्या शाळेत हवे. बाहेरच्या गाड्या तिथेच थांबतील आणि बोटी नेणाऱ्या ट्रकना रस्ता मोकळा राहील. दोन कर्मचारी आणि एक वही पुरे. नाव, मोबाईल, घरच्यांचा नंबर, रक्तगट, येणारे काम, आत गेल्याची वेळ आणि परतल्याची वेळ एवढेच लिहायचे. शेवटचा रकाना सर्रास कोरा राहतो. खरे तर सगळ्यात महत्त्वाचा तोच, कारण संध्याकाळी कोण परतले नाही हे त्यावरूनच कळते. दंडाला रोज वेगळ्या रंगाची पट्टी बांधावी, म्हणजे कालची पट्टी आज चालत नाही. पाच-सहा जणांच्या गटाला एक आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतल्या कामाचे सरकारी प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक, द्यावा.

पाण्यातले काम मात्र एनडीआरएफ आणि प्रशिक्षित पथकांकडेच राहू द्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली, ते आठवावे. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला विहीर, कुंपण, विजेची तार कुठे बुडाली आहे हे माहीत असते. त्याला लाइफ जॅकेट घालून पथकाच्या बोटीत वाटाड्या म्हणून घ्यावे.

बाकीच्यांना कोरडे काम भरपूर असते. निवारा केंद्रातल्या याद्या, औषधांच्या चिठ्ठ्या, आलेल्या सामानाची वर्गवारी. मदतीचे टेम्पो हमरस्त्यालगतच्या गावातच रिकामे होतात आणि आतली गावे तशीच राहतात, म्हणून कुठल्या गावाला काय पोचले याचा फळा केंद्रावर हवा. पाणी ओसरल्यावर तर सगळ्यात जास्त हात लागतात आणि नेमकी तेव्हाच गर्दी पांगते. चिखल काढायला गमबूट व रबरी हातमोजे द्यावेत. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नये, दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका असतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टर सांगतील तशीच घ्यावी.

जिल्हा प्रशासनाने या शाळांची यादी जूनपूर्वी ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर फोन करणाऱ्याला जवळचे केंद्र सांगावे, ही विनंती.

आपले,
आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षक, मिरज