पक्या, हे अण्णांना कळू देऊ नकोस

पुणे,
पिठोरी अमावास्या

प्रिय पक्या,

गेल्या गणपतीपासून तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस, म्हणजे फिट्टंफाट. पण आता जे झालंय ते घरात कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे.

अण्णांना घेऊन केनियाला जाऊन आलो. हो, आपण दोघं जाणार होतो तिथेच. तू भिशीचे पैसे म्हशीत घातलेस, त्याला मी काय करू? अण्णांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. सत्यनारायण नको म्हणाले, "एकदा मोकळं जनावर दाखव." पीतज्वराची लस घ्यावी लागते आणि साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. अण्णा बाही वर करून, "टोचा." त्याचं ते पिवळं कार्ड अख्खा प्रवासभर शर्टाच्या खिशात, बिल्ल्यासारखं.

नैरोबीहून मसाई माराला जाताना रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरावा लागतो. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. अण्णा ड्रायव्हरशेजारी, शेवटी तेही जुने ड्रायव्हर. उतार लागला तशी त्यांची डावी टाच आपोआप क्लच दाबायला लागली. हा रस्ता महायुद्धात इटालियन कैद्यांकडून करून घेतला होता, पायथ्याला त्यांनीच १९४२ साली बांधलेलं एवढंसं चर्च आहे. मी ते दाखवतोय, तर हे म्हणतात, "आपल्या कुंभार्ली घाटापुढे हा काहीच नाही."

आणि ड्रायव्हरशी काय गट्टी! स्वाहिलीत गाडीला 'गारी', ब्रेकला 'ब्रेकी', गिअरला 'गिआ' आणि ड्रायव्हरला 'डेरेवा' म्हणतात. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण एवढ्या भांडवलावर दोघं दोन तास बोलत होते. मागच्या ॲक्सलला आवाज येतोय हे अण्णांनी त्याला हाताने गोल करून दाखवलं. त्याने संध्याकाळी बघितलं, तर खरंच बेअरिंग गेलेलं.

पहिल्या दिवशी हत्तींचा कळप आडवा गेला. अण्णा लॉगशीटसारखं डायरीत लिहायचे: वेळ, ठिकाण, जनावर, नग. त्यांनी लिहिलं, हत्ती चार. मी म्हटलं, नऊ. "चार. तुला शाळेपासून मोजता येत नाही." यावर आम्ही जेवणापर्यंत भांडलो. मला वाटलं, हट्ट. त्यांचा हट्ट तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर कुजबुजला, "चुई." बिबट्या. फांदीवर पसरलेला, शेपूट खाली लोंबतंय. अण्णांनी दुर्बीण लावली आणि लहान मुलासारखे म्हणाले, "अरे, हा तर आपला कुंभार्लीतला!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग तो उठला, खोडावरून सरसर उतरला आणि आमच्या गाडीच्या डावीकडून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, गवतात गेला. त्याच्या अंगावरचे चट्टे चालताना सरकताना दिसत होते. आणि अण्णा समोर झाडाकडेच बघत. "बघ कसा निवांत झोपलाय," म्हणाले.

पक्या, माझ्या हातापायातला जीव गेला.

काचबिंदू आहे हे माहीत होतं रे. थेंब घालतात, डॉक्टरकडे जातात, "ठीक आहे" म्हणतात. पण काचबिंदूत बाजूचं दिसणं गुपचूप जातं, आणि गेलेलं परत येत नाही. समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात, आणि आपण फसतो. चारच हत्ती त्यांच्या चौकटीत मावले होते. बाकीचे पाच त्यांच्यासाठी आलेच नाहीत.

ड्रायव्हर काही बोलला नाही. पण त्यानंतर तो गाडी अशी लावायचा की जनावर बरोबर अण्णांच्या काचेसमोर यावं. सिंहीण होती तेव्हा तर तीनदा मागेपुढे घेतली. त्या परक्या माणसाला एका सकाळीत कळलं. मला दोन वर्षांत नाही.

नदीकाठी विल्डबीस्ट, म्हणजे ती बैलासारखी दिसणारी हरणं, नदी कधी ओलांडतात याची वाट बघत तीन तास बसलो. हजारोंचा कळप, पण एकही पाण्यात उतरेना. नुसतं हुंकारणं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "संपाच्या दिवशीचा स्टँड," म्हणाले. मला हसू आलं आणि मग पुढे काही सुचेना.

रात्री तंबूत विचारलं, "अण्णा, बाजूचं दिसत नाही ना?" बराच वेळ गप्प. मग, "एकतीस वर्षं घाटात गाडी मारली, एक खरचटा नाही." आणि दिवा मालवल्यावर अंधारात, "पक्याला बोलू नकोस."

का, ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. तू त्यांना अजून स्कूटी देतोस. बाजारात जाताना ते तुझ्या दुकानावरून का जातात हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

गेल्या गणपतीत मी किल्ली काढून घेतली तेव्हा तू म्हणालास, बापाला कोंडतोयस. मी नाही नाही ते बोललो, तुझ्या वडिलांपर्यंत गेलो. चुकलोच. खरं तर किल्ली मी डोळ्यांसाठी घेतलीच नव्हती. वय झालं, लोक काय म्हणतील, एवढंच होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, हे तुझं म्हणणं खरं होतं. पण आता तो चिपळूणचा रस्ता, शाळा सुटायची वेळ, डावीकडून पळत येणारं पोर... मला रात्री झोप येत नाही.

वहिनींची टाच बरी आहे का? धाकटी कॉलेजला लागली असेल. वाशिष्ठीचं पाणी यंदा दुकानात आलं नाही ना? सविस्तर गणपतीत बोलू. मी येतोय, तू आरतीला ये, नाटकं करू नकोस.

तोवर एक कर. मी कळवलंय असं दाखवू नकोस. स्कूटी मागितली तर पेट्रोल नाही म्हण. पण ते टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, कान लावून बघतील. तेव्हा आजच खरंच काढून ठेव.

तुझा,
बंड्या