दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीस, 'डॉक्टर' लिहिता येणाऱ्या कीबोर्डबद्दल

चि. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव घालू नका काकू, असं तू बजावलंस, म्हणून मायना असा. समोर आभार मानायला गेले की "काय काकू, एवढं काय त्यात" म्हणत तू जिन्यावरून पळतेस. म्हणून लिहूनच काढते आणि तेही चारचौघांत, म्हणजे मध्येच तोडायची सोय नाही. शिवाय माझ्यासारखी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-रचनेवर, दिवसभर मराठी टाइप करणारी पुष्कळ मंडळी आहेत. हात दुखायला लागला की तीही दोन तुकड्यांचे, म्हणजे प्रत्येक हाताला वेगळा तुकडा असलेले, कीबोर्ड शोधायला लागतात आणि त्यांना जे सल्ले मिळतात ते सगळे इंग्रजी लिहिणाऱ्या हातांसाठीचे असतात.

माझं काम तुला ठाऊकच आहे. करारनामे, नोटिसा, यंत्रांची माहितीपत्रकं, सगळं इंग्रजीतून मराठीत. बावीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून डावी करंगळी कुरकुरायला लागली. आधी नुसती जड वाटायची, मग कणीक मळताना ठणकायला लागली. डॉक्टर म्हणाले, मधून मधून उठत जा आणि कीबोर्डचं काहीतरी बघा. आता 'काहीतरी' म्हणजे काय, हे शोधण्यात माझे दोन महिने गेले.

फोनवर एक चित्र घेऊन मी तुझ्याकडे आले, तेव्हा पैसे भरायचे तेवढे बाकी होते. कॉर्ने नावाचा, दोन तुकड्यांचा, ४२ बटणांचा. ज्याला विचारावं तो त्याचंच नाव घेत होता. बटणं कमी म्हणजे बोटांची धावपळ कमी, हे मलाही पटलं होतं. तू चित्र मोठं करून बघितलंस आणि विचारलंस, "काकू, मराठी कशात टाइप करता? फोनेटिक की इनस्क्रिप्ट?"

फोनेटिक म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं. हे तोवर मला एकानेही विचारलं नव्हतं.

इनस्क्रिप्ट म्हटल्यावर तू उजव्या तुकड्याच्या कडेवर बोट ठेवलंस. "इंग्रजी पीच्या पुढे इथे एकच बटण आहे. तुम्हाला पीच्या पुढे ड लागणार, मग नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, मग 'ॉ'. यातलं एक बसेल, तेही बॅकस्पेसला उठवलं तर. सरळ सरळ यावर 'डॉक्टर' लिहिता यायचं नाही." हात दुखतोय म्हणून घ्यायचा कीबोर्ड आणि त्यात डॉक्टरच नाही! त्या रात्री हे आमच्या घरात तीनदा सांगून झालं. राहिलेली अक्षरं दुसऱ्या लेयरमध्ये, म्हणजे एक जादा बटण दाबलं की उमटणाऱ्या दुसऱ्या थरात, टाकता येतात, हेही तू प्रामाणिकपणे सांगितलंस. पण 'गाडी'साठी आणि 'वाडा'साठी दरवेळी लेयर बदलायचा म्हणजे एका दुखण्याच्या जागी दुसरं.

पण मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः दुसऱ्या दिवसाचे. तू वही घेऊन आलीस, स्टूल ओढलंस आणि म्हणालीस, "तुम्ही तुमचं काम करा, मी नुसती बघते." मी एका जाहीर सूचनेचा मसुदा करत होते. त्यातलं एक वाक्य तू लिहून घेतलंस: 'अर्जदाराने ठरलेल्या वेळेत घोषणापत्र सादर करणे आवश्यक आहे.' आणि मी शिफ्ट दाबली की तू त्या त्या अक्षराखाली टिंब देत गेलीस. अ, ठ, ळ, घ, ष, ण, पुन्हा ण, आ, श, पुन्हा आ. शब्द आठ, शिफ्ट दहा. इंग्रजीत याच वाक्याला शिफ्ट एकदा लागली असती, पहिल्या अक्षराला.

मी बघतच राहिले. बावीस वर्षं रोज करतेय आणि कधी मोजलं नव्हतं. इनस्क्रिप्टमध्ये क दाबून ख हवा तर शिफ्ट, ग चा घ करायला शिफ्ट, मात्रेचा पूर्ण स्वर हवा तर शिफ्ट, ल चा ळ करायला शिफ्ट. आणि ती शिफ्ट मी नेहमी डाव्या करंगळीनेच दाबते. ण तर सीच्या बटणावर, म्हणजे त्याच हाताची करंगळी शिफ्टवर ताणायची आणि मधलं बोट खाली वाकवायचं. 'आणि' हा शब्द दिवसातून किती वेळा येतो ते तूच धर. मनगट नव्हे, उंची नव्हे, खुर्ची नव्हे, माझं दुखणं त्या एका बटणात होतं.

"मग शिफ्ट अंगठ्याला देऊ," तू म्हणालीस, जसं काही मीठ जरा कमी घालू म्हणावं तसं. नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही अंगठे मिळून एकटा स्पेसबार सांभाळतात, हातातली सगळ्यात दणकट बोटं निम्मा वेळ बसून. मी कुरकुर केली की या वयात हे नवीन वळण कुठून लागणार. तेव्हा तू मला लिलियन माल्टची गोष्ट सांगितलीस. इंग्लंडात टायपिंग शिकवण्यात मुरलेली बाई. तिने १९७७ च्या सुमारास स्टीफन हॉब्डे यांच्यासोबत माल्ट्रॉन कीबोर्ड काढला, दोन हातांना दोन वेगळे खळगे असलेला, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं 'ई' हे अक्षर उचलून थेट अंगठ्याला दिलं. टायपिंग शिकवणारीने केलंय म्हटल्यावर माझी कुरकुर निम्मी झाली, हे तुला बरोबर कळलं होतं.

मग तू सोफ्ले नावाचा कीबोर्ड निवडलास, घरीच जोडायचा. ५८ बटणं, एकेका हाताला २९: सहा-सहाच्या चार रांगा आणि अंगठ्याला पाच. आराखडा सगळ्यांना खुला, फुकट. आकड्यांची रांग हवीच, हा तुझा हट्ट होता आणि तो बरोबर निघाला, कारण ज्ञ, त्र, क्ष, श्र हे पाच ते आठच्या शिफ्टवर आणि 'बॅग'मधली 'ॅ' दोनच्या शिफ्टवर असते. बटणं तिरकी न रचता सरळ उभ्या ओळीत का, हे मी विचारलं, तर म्हणालीस की तिरकी रचना टाइपरायटरची. प्रत्येक बटणाची दांडी शेजारच्या दांडीला न अडता मागे जायला हवी म्हणून. दांड्या जाऊन जमाना झाला, तिरकेपणा राहिला.

अक्षरांची वाटणी आपण माझ्या डायनिंग टेबलावर केली, साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा बाजूला सारून. ड आपल्या जागी, पीच्या लगेच पुढे. त्याच्याखाली ट, तोही आपल्या जागी. 'ॉ' आणखी खाली, कोपऱ्यात. विसर्ग वरच्या टोकाला, त्याला तसंही 'दुःख' आणि 'अंतःकरण' सोडलं तर काम कमी. नुक्ता तू लेयरमध्ये ढकलून दिलास. आपल्या 'दुसऱ्या'मधल्या ऱ ला तो लागत नाही, तो र च्या शिफ्टवर आहे. उरला 'ृ'. मूळ रचनेत तो उजवीकडे वर, बरोबरच्या चिन्हावर पडलाय. तू म्हणालीस, "'ॉ' सोडला तर सगळ्या मात्रा डावीकडे आहेत, हा तिकडे काय करतोय?" आणि त्याला कॅप्स लॉकच्या जागी, ओकाराच्या शेजारी आणून बसवलास. मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी 'कृपया' उगाचच चार वेळा टाइप केलं.

तेव्हाच मला जाणवलं की इनस्क्रिप्ट मुळात दोन तुकड्यांचीच रचना आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती आली. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'का' लिहायचा तर उजवा हात, मग डावा. 'की', 'के', 'को', तसंच. दोन माणसं जात्यावर बसल्यासारखी. म, न आणि व तेवढे डावीकडे राहायला गेलेत.

आणि त्या व ने मला रडवलं. व बीच्या बटणावर. बी डाव्या हाताचं, पण मी बावीस वर्षं ते उजव्या तर्जनीने दाबत आले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. एकसंध कीबोर्डवर ते खपून गेलं. दोन तुकडे झाल्यावर माझी तर्जनी मधल्या मोकळ्या जागेत, टेबलावर आपटायला लागली. 'व्यवहार'चा '्यहार'. आणि अंगठ्याची शिफ्ट विसरले की 'आणि'चं 'ामि'. पहिल्या आठवड्यात मी तुला जे मेसेज पाठवले ते तू जपून ठेवलेस, असं तुझी आई सांगत होती. ते पुसून टाक.

तू दोन गोष्टी केल्यास. शिफ्ट धरून ठेवायची नाही, अंगठ्याने एकदा टिचकी मारून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं उमटेल, अशी केलीस. याने माझं अर्धं आयुष्य सोपं झालं. आणि उजव्या अंगठ्याच्या अगदी आतल्या बटणावर दुसरा व बसवलास, "सवय होईपर्यंत". सवय झाली. तरी तो व काढू नकोस, घाईत अजून लागतो.

हे सगळं करताना कॉम्प्युटरला काहीच सांगावं लागलं नाही, याचं मला नवल वाटलं होतं. तू समजावलंस: कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो फक्त कोणतं बटण ते कळवतो, त्याचा ड करायचा की चौकोनी कंस, हे कॉम्प्युटर ठरवतो. आपण फक्त बटणांची घरं बदलली. ती घरं क्यूएमके नावाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्राममध्ये, त्याच्याच चिपमध्ये राहतात. म्हणून मी हा कीबोर्ड बहिणीकडे नेला, तिच्या लॅपटॉपला लावला, मराठी इनस्क्रिप्ट चालू केलं आणि सगळी अक्षरं जिथल्या तिथे.

डायोड आणायला आपण पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, ते मी विसरणार नाही. साठ डायोड, १एन४१४८ नंबरचे, तांदळाच्या दाण्याएवढे, कागदी पट्टीला चिकटवलेले. दुकानदाराने मला विचारलं, "मॅडम, क्लास काढताय का?" घरी आल्यावर उजव्या तुकड्यावर सोल्डर मारायला तू मला बसवलंस. काळा पट्टा सगळ्यांचा एकाच बाजूला, दहा वेळा सांगितलंस. तरी एक उलटा लागलाच. चालू केल्यावर सगळं उमटलं, फक्त ह नाही. 'आहे'चं 'आे', 'नाही'चं 'नाी'. डायोड एकाच दिशेने वीज सोडतो, उलटा लावला की त्याचं बटण मुकं. तू हसली नाहीस. सोल्डरची गन माझ्याच हातात दिलीस आणि म्हणालीस, "तुम्हीच काढा, तुम्हीच लावा."

बटणांखालच्या स्विचबद्दल फार लिहीत नाही. निळे टकटक करतात, ह्यांची झोप मोडते. लाल एकदम सरळ खाली जातात, मला दाबलं की नाही तेच कळेना. तपकिरींना मध्ये हलकीशी अडखळ आहे, ती बोटाला पुरते. मात्र करंगळीच्या रांगांना तू ३५ ग्रॅमच्या दाबाने दबणारे हलके स्विच घातलेस, ते मला महिनाभराने कळलं, तेही तुझ्या आईकडून. मला वाटत होतं माझ्याच करंगळ्या सुधारल्या. त्याही सुधारल्यात. कणीक मीच मळते आता.

बटणांच्या टोप्या कोऱ्या ठेवल्या, हे मात्र ह्यांना अजून रुचलेलं नाही. परवा बिल भरायला बसले आणि दहा मिनिटांनी, "अगं, याच्यावर काहीच लिहिलेलं नाही" म्हणत उठले. माझ्या मते हा कीबोर्डचा गुणच आहे.

दोन तुकड्यांना जोडणाऱ्या वायरपाशी तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: 'आधी यूएसबी काढा, मगच ही. चालू असताना हिला हात लावू नका!!' दोन उद्गारचिन्हं आहेत. मी ऐकते.

पैशांचं बोलले की तू विषय बदलतेस, म्हणून सामानाचा हिशेब तुझ्या आईकडे चुकता केलाय. मजुरीचं तुझं-माझं नंतर बघू. तू त्या दिवशी टिंबं दिलेलं वहीचं पान मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागितलंस तरी मिळणार नाही.

तुझी,
चौथ्या मजल्यावरची काकू

ता. क. डावीकडचं फिरवायचं चक्र, ज्याने मी पानं वर-खाली करते, ते ढिलं झालंय. रविवारी येशील का? बारीक पेचकस माझ्याकडे आहे, मीच आवळीन, तू फक्त बघ.