खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी शेवाळाची चाळण

संपादक महोदय,

खाऱ्या पाण्याच्या घरगुती फिश टँकमध्ये नायट्रेट, फॉस्फेट वाढले की बहुतेक जण पाणी बदलत राहतात. त्याऐवजी शेवाळच कामाला लावता येते: उजेडात, पाणी वाहत्या जाळीवर वाढवलेले शेवाळ ही द्रव्ये शोषून घेते आणि ते खरवडून काढले की ती टाकीबाहेर जातात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी ही पद्धत विकसित केली.

भरतकामाची प्लास्टिकची जाळी करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी चांगली खरवडून घ्यावी. गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही, सगळा खटाटोप इथेच फसतो. पीव्हीसी पाइपला 3 मिमी रुंदीची खाच पाडून जाळी तीत अडकवावी. पाइपातून जाळीवर, तिच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी सुमारे 50 लिटर पाणी वाहायला हवे. रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल, तर दोन्ही बाजूंनी उजेड असलेली 10 × 8 सेंमी जाळी पुरते. आकार टाकीवरून नव्हे, खाद्यावरून ठरवावा. 660 नॅनोमीटरचे लाल एलईडी रोज 18 तास लावावेत; टाकीचे दिवे बंद असतानाचे तास त्यात धरले तर पाण्याचा सामू (pH) देखील स्थिर राहतो.

शेवाळ दर 7 ते 14 दिवसांनी खरवडून बाहेर काढलेच पाहिजे. थर जाड झाला की आतले शेवाळ उजेडाअभावी कुजते आणि शोषलेले सारे परत पाण्यात सोडते. जाळी गोड्या पाण्याखाली धुवावी, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक जीव मरतात. मात्र हिरवा पातळ थर तसाच ठेवावा. काळा बुळबुळीत थर आल्यास उजेड वाढवावा, पिवळा रबरासारखा आल्यास कमी करावा.

तांब्याची औषधे या टाकीत कधीही घालू नयेत.

— एक वाचक